दोन बोटांचं भोक

गुरुवारी व्हॅनिटी मनालीला निघणार
आणि आज ओशिवऱ्याच्या गॅरेजात
ऑक्टोबर पत्र्यावर पालथा पडलाय.
माझ्या पाठीवर मिठाचा नकाशा.
अशात इनासमामा म्हणतात,
चल, थंडी कुठून येते ते शोधू.

मुंबईत?
इथे थंडी म्हणजे जानेवारीतले चार दिवस,
स्वेटरला डांबरगोळीचा वास,
पाचव्या दिवशी पंखा पुन्हा तीनवर.

मामा हसले नाहीत.
छताची जाळी वर्तमानपत्राने बंद केली,
मागच्या खिडकीत पंखा लावला, तोंड बाहेर करून.
"आता ही श्वास आत ओढेल.
कुठून ओढते ते बघ."

मोगरा उदबत्ती, दहा रुपयांचा पुडा.
दाराच्या कडेकडेने चाललो.
धूर सरळ, सरळ, सरळ,
आणि बिजागरीपाशी त्याने एकदम मान वळवली,
कुणी नावाने हाक मारल्यासारखी.
मी फुली मारली
ज्या खडूने पडदे आखते त्याच खडूने.

मग फुल्याच फुल्या.
आरशाच्या दिव्यांची वायर भिंतीत शिरते तिथे.
बेसिनच्या पाइपाभोवती, उंदीर बिनवाकता जाईल एवढी.
सोफ्यामागे एक भेग तर आधीच कुणीतरी
च्युइंगमने बुजवलेली.
"हिरॉइनचं असेल," मी म्हटलं.
"अटेंडंटचं," मामा म्हणाले.
"हिरॉइन रात्री हॉटेलात असते.
तिला काय ठाऊक इथे वारा येतो."

अठरा जागा झाल्या. शेटने बाराचे पैसे मोजलेत.

आणि मागे, जनरेटरच्या भिंतीला चिकटून
साडेपाच फुटांचं एक फळकूट.
एस्टिमेटात त्याचं नाव 'सामान'.
त्यावर सिद्राम झोपणार.
अक्कलकोटचा, वय एकोणीस,
बर्फ पाहिलाय तो फक्त गोळ्याचा.
तिथे उदबत्ती धरली
तर धूर वाकलाही नाही, फाटला.

मामांनी सिलिकॉनच्या नळीचं नाक तिरकं कापलं,
अंगठा साबणाच्या पाण्यात बुडवून
भेगेवरून ओढला,
लहान पोराचं नाक पुसावं तसा.
कडक झालेलं रबर दारातून उपसलं, नवं बसवलं.
मी फोमच्या पट्ट्या कापल्या,
उंबऱ्यासाठी लांबलचक उशी शिवली, आत चिंध्या आणि वाळू.
सिद्राम म्हणाला, अजगर.
फळकुटाला सोफ्याहून जास्त फोम लागला.
शेटला कुणी सांगितलं नाही.

दिवेलागणीला पुन्हा उदबत्ती.
धूर कुठेच वळेना.
राखसुद्धा काडीवर ताठ.
मी सुई टोचणीत खोचली, झालं एकदाचं,
तेवढ्यात मामांनी ड्रिल उचललं
आणि फळकुटाच्या उशाशी
दोन बोटं जातील असं भोक पाडलं. आरपार.

"अहो मामा! आत्ताच तर बुजवलं!"

काही बोलले नाहीत. भुसा फुंकला.
मग चहाला, बशीकडे बघत:
"आमचा ज्युस्तीन. माझ्याहून धाकटा.
ट्रक घेऊन पठाणकोटला गेलेला.
क्लीनर आणि तो, शेगडी केबिनमध्ये घेतली,
काचा चढवल्या, फटींतून पेपर कोंबले.
फार चांगलं काम केलं होतं पोरांनी.
एक फट सापडली नाही.
चेहरा गुलाबी होता म्हणे सकाळी.
थंडी वाजली नसेल त्याला."

चहावर साय धरली.
मनालीला रात्री गॅसचा हीटर लागणार, हे मला तेव्हा सुचलं.

मी भोकावर तारेची जाळी ठोकली, डास नको म्हणून,
आणि सिद्रामला म्हटलं, ऐक,
कितीही कुडकुडलास
तरी यात मोजा कोंबायचा नाही.
तो हो म्हणाला.
एकोणिसाव्या वर्षी म्हणतात तसं हो.

म्हणून निघताना
बाकीच्या फुल्या ओल्या फडक्याने पुसल्या
आणि त्या भोकाभोवती
लाल ऑइलपेंटने जाड गोल काढला.
अजून ओला आहे.
त्याला सांगितलंय, हात लावू नकोस.